दोन हजार वॅटचा जुना घ्यावा की सातशे वॅटचा नवा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्याहून इंग्लंडमधल्या रेडिंगला येऊन तुम्हाला चार महिने झालेत. भाड्याच्या घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कार्पेट आहे आणि घरात लांब केसांच्या तिघीजणी. शेजारच्या आजी घर सोडून चालल्यात आणि त्यांचा २०१२ सालचा २००० वॅटचा अपराइट, म्हणजे उभ्या दांड्याचा व्हॅक्यूम क्लीनर, चाळीस पाउंडांना द्यायला तयार आहेत. दुकानात नवा बघितला तो ७०० वॅटचा आणि कितीतरी महाग. घरचे म्हणतात, "जवळजवळ तिप्पट पॉवर आहे, त्यात विचार काय करायचा?"

विचार करायचा. नुसत्या वॅटवर तर मुळीच घेऊ नका. आजींचं मशीन चांगलं असूही शकतं, पण ते २००० वॅटचं आहे म्हणून नव्हे.

मी लेस्टरमध्ये गेली बावीस वर्षं व्हॅक्यूम दुरुस्त करतोय. त्याआधी इचलकरंजीत मोटरी भरायचं काम केलं, यंत्रमागाच्या आणि शेतपंपांच्या. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की आहे. मोटरवर आकडा मोठा म्हणजे काम मोठं असं नसतं, आणि व्हॅक्यूमवर लिहिलेले वॅट म्हणजे त्याची मोटर लाइटमधून किती खाते. ती काम किती करते हे त्या आकड्यात नसतं.

शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला हे लगेच पटतं. विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर आहे, पाइपलाइन दोन इंची आणि लांबलचक. पाणी कमी येतं म्हणून साडेसातची बसवली. पाणी दीडपट येतं का? नाही. थोडं वाढतं, बिल मात्र चांगलंच वाढतं, कारण अडचण मोटरीत नव्हतीच. ती त्या बारीक पाइपात होती, नाहीतर फुटव्हॉल्व्हच्या जाळीत अडकलेल्या पाल्यात. व्हॅक्यूममध्ये पाण्याच्या जागी हवा, एवढाच फरक.

हिशोब सांगतो, कारण सगळं उत्तर त्यातच आहे. ब्रशचं तोंड, नळी, पिशवी, फिल्टर हा हवेचा रस्ता ठरलेला असतो. त्या रस्त्यातून दुप्पट हवा ओढायची तर दाब चौपट लागतो आणि ताकद आठपट. उलट बाजूने बघा: ताकद दुप्पट केली तर हवा वाढते फक्त सव्वापट. तुमच्या बाबतीत २००० आणि ७००, म्हणजे जवळजवळ तिप्पट वॅट. बाकी सगळं सारखं धरलं तरी त्यातून मिळणारी जास्तीची हवा ४० टक्क्यांच्या आसपास. आणि बाकी सगळं सारखं नसतंच. जुन्या मोटरी-पंख्यांच्या जोड्या खाल्लेल्या विजेचा पाचवा हिस्सा हवेला देत असतील, तर चांगली नवी जोडी तिसरा हिस्सा देते. मग ते ४० टक्के आणखी उतरून वीसवर येतात. उरलेली वीज जाते कुठे? उष्णतेत. जुना २००० वॅटचा व्हॅक्यूम अर्धा तास चालवला की खोली गरम झालेली हाताला कळते, मशीनमागून येणारी हवा हीटरसारखी लागते.

वॅटच्या आकड्यातही दोन प्रकार होते. एक सरासरी, चालू स्थितीतला. दुसरा "मॅक्स", मोटर जास्तीत जास्त जेवढं खाऊ शकते तेवढा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत बहुतेक वेळा दुसराच असायचा. आजींच्या मशीनच्या खाली चिकटवलेली पाटी वाचा, कदाचित तिथे १८०० सापडेल.

एक प्रयोग मी गिऱ्हाइकांना दुकानात करून दाखवतो. प्लगमध्ये वॅटमीटर लावायचा, मशीन चालू करायचं आणि नळीच्या तोंडावर तळहात ठेवायचा. आवाज चढतो, किंचाळल्यासारखा. सगळ्यांना वाटतं, मोटरवर जोर आला, आता मीटर वर जाणार. मीटर खाली येतो. हवा वाहायची थांबली की पंख्याला ढकलायला काही उरत नाही, तो मोकळा जोरात फिरतो आणि वीज कमी लागते. म्हणजे ज्या क्षणी तुमचा व्हॅक्यूम काहीच उचलत नाही, त्या क्षणी त्याचा आवाज सगळ्यात दमदार आणि हाताला ओढ सगळ्यात जास्त. "सक्शन बघा किती आहे" म्हणून दुकानदार हातावर नळी लावून दाखवतो ना, तो हाच क्षण. हल्ली बिनवायरीच्या मशीनवर २५,००० पास्कल वगैरे छापतात, तोही बहुधा तोंड बंद करून मोजलेला दाब. तोंड पूर्ण बंद असताना दाब भरपूर, पण हवा शून्य. तोंड पूर्ण उघडं असताना हवा भरपूर, दाब जवळपास शून्य. खरं काम या दोन टोकांच्या मध्ये होतं, जिथे दोन्ही थोडेथोडे असतात. सेकंदाला २० लिटर हवा १० किलोपास्कलवर ओढली जात असेल, तर हवेला मिळालेली ताकद २०० वॅट. खोक्यावर हा आकडा, एअरवॅट, दिलेला असेल तर तो वाचण्यालायक. तोही अर्धीच गोष्ट सांगतो, कारण अपराइटमध्ये अर्धं काम हवा करतच नाही.

ते काम ब्रश करतो. कार्पेटमधली खरी घाण वर दिसणारी नसते. दिसतात ते केस, दोरे, पोह्याचे कण. बुटांबरोबर आलेली बारीक वाळू आणि माती लवेच्या, म्हणजे कार्पेटच्या उभ्या धाग्यांच्या, मुळाशी जाऊन बसते. ती नुसत्या ओढीने येत नाही. तुम्ही सतरंजी झटकता की नाही? व्हॅक्यूमने कितीही ओढलीत तरी सतरंजी झटकल्यावर जी धूळ निघते ती वेगळीच. अपराइटचा फिरता ब्रश ते झटकण्याचं काम मिनिटाला हजारो वेळा करतो. लव उघडतो, हलवतो, वाळू उडवतो. हवेने ती उडालेली वाळू खाली पडायच्या आत पिशवीपर्यंत न्यायची. ३२ मिलिमीटरच्या नळीतून सेकंदाला २० लिटर हवा जाते तेव्हा तिचा वेग ताशी ९० किलोमीटर होतो. वाळू वाहून न्यायला तेवढा पुरतो. हवा निम्मी झाली, वेग ४५वर आला, की जड कण उभ्या नळीत रेंगाळतात, वळणावर साठतात आणि तिथेच चोकअप तयार होतो.

अपराइटचा जन्मच या जोडीतून झाला. अमेरिकेत ओहायोतल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर नावाचा एक सफाई कामगार होता. त्याला दम्याचा त्रास, झाडताना धूळ सोसायची नाही. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून मशीन बनवलं, त्यात पुढे फिरता ब्रश बसवला आणि १९०८ साली पेटंट मिळवलं. पुढे हूव्हर कुटुंबाने ते घेतलं आणि ब्रिटनमधल्या घरांत "हूव्हर करणे" हे क्रियापदच झालं. मोटर ती केवढी असणार! तरी कार्पेट साफ व्हायचं, कारण झटकणं आणि ओढणं एकाच जागी होत होतं.

एक टोकाचं उदाहरणही द्यायला हवं. काही अपराइटमध्ये घाण थेट पंख्यातून जाते आणि मग पिशवीत पडते. हवेचा रस्ता वीतभर. अशा मशीनना मोठी मोटर लागत नाही. अमेरिकेतला ओरेक चार अँपिअरच्या आसपास चालायचा, म्हणजे तिथल्या १२० व्होल्टवर ५०० वॅटही नाही, आणि हॉटेलांच्या खोल्याखोल्यांतून तो वर्षानुवर्षं वापरात होता. तोटा असा की नाणं किंवा खडा पंख्यावर आदळतो आणि नळी लावून जिने-सोफे साफ करायचे तर जीव अपुरा पडतो. दुसऱ्या प्रकारात हवा आधी पिशवीतून किंवा सायक्लोनमधून, म्हणजे हवा गरगर फिरवून धूळ बाजूला काढणाऱ्या डब्यातून, गाळली जाते, मग मोटरपाशी येते. ब्रिटनमधले आजचे बहुतेक अपराइट असेच. त्यांना लांब रस्ता, वळणं आणि फिल्टर यांमुळे दाब जास्त लागतो, म्हणून मोटरही थोडी मोठी. (तुमचे कोणी न्यू जर्सीला असतील तर त्यांना तिथे वॅटऐवजी "१२ अँपिअर" असं लिहिलेलं दिसेल. ती साध्या घरगुती सॉकेटवर चालवायच्या मशीनची तिथली कमाल मर्यादा. बारा अँपिअर आहे म्हणून मशीन चांगलं, असं तिथेही नाही.)

आता नवी मशीनं ७०० वॅटची का, याचं उत्तर. युरोपियन युनियनने २०१३ साली नियम केला: १ सप्टेंबर २०१४पासून १६०० वॅटच्या वरचं नवं घरगुती मशीन बाजारात आणायचं नाही आणि १ सप्टेंबर २०१७पासून ९०० वॅटच्या वरचं नाही. मला तो ऑगस्ट २०१४ चांगला आठवतो. लोक दुकानांत धावले, उरलेली मोठी मशीनं भराभर उचलली. माझ्याकडेही रोज दोन-चार फोन: "जुनं विकू नका, माझ्यासाठी ठेवा." सगळ्यांना वाटलं, आता घरं घाण राहणार.

बहुतेकांच्या नजरेतून सुटलं ते त्याच नियमाचं दुसरं अंग. वॅटला वरची मर्यादा घातली तशी कामाला खालची मर्यादा घातली. २०१७पासून कार्पेटच्या चाचणीत ७५ टक्के धूळ आणि फटी असलेल्या कठीण जमिनीवर ९८ टक्के धूळ उचललीच पाहिजे, आवाज ८० डेसिबलच्या वर नको, मोटर किमान ५०० तास टिकली पाहिजे. मागच्या बाजूने परत खोलीत किती धूळ सोडायची यालाही मर्यादा. ब्रिटन युनियनमधून बाहेर पडलं, पण हा नियम इथे राहिला. आजींच्या २०१२च्या मशीनवर यातली एकही अट नव्हती. त्याने ५० टक्के उचलली असती तरी ते विकायला पूर्ण मोकळीक होती, आणि खोक्यावर २००० लिहिलं की विकलं जायचं.

मोटर लहान केल्यावर कंपन्यांना बाकीच्या गोष्टींकडे बघावंच लागलं. तोंडाखालचा हवेचा रस्ता, रबरी सील, नळीतली वळणं, पंख्याच्या पात्यांचा आकार. आधी हे सगळं सुधारण्यापेक्षा मोठी मोटर टाकणं स्वस्त पडायचं. इथल्या सॉमरसेटमधल्या न्यूमॅटिक कंपनीचा तो लाल हसरा हेन्री तुम्ही शाळेत, ऑफिसात पाहिला असेल. तो अपराइट नाही, मागे ओढायचा डबा आहे, पण उदाहरण बोलकं आहे. तो पूर्वी १२०० वॅटचा होता, आता ६२०चा आहे. मी दोन्ही उघडलेत, दोन्ही चालवलेत, आणि सफाई कामगार आजही तोच मागतात.

त्या काळात मशीनवर ए ते जी अशी लेबलंही आली होती. ती आता शोधू नका. डायसन या व्हॅक्यूम बनवणाऱ्या कंपनीने त्याविरुद्ध खटला लढवला आणि नोव्हेंबर २०१८मध्ये युरोपच्या न्यायालयाने लेबलाचा नियम रद्द केला, कारण चाचणी रिकाम्या पिशवीने, रिकाम्या डब्याने होत होती. मला हा निकाल मनापासून पटतो. घरात पिशवी रिकामी कधी असते? पहिल्या दिवशीच.

आणि माझ्या बाकावर येणाऱ्या दहापैकी आठ "पॉवर गेली" मशीनची गोष्ट तिथेच असते. गेल्या दिवाळीनंतर इथल्याच एका मराठी घरातून ७०० वॅटचा सायक्लोनचा अपराइट आला. वर्षही झालं नव्हतं. वहिनींचं म्हणणं, "भाऊ, हे खेळणं आहे. मला जुना दोन हजारवाला बघून द्या." मी डबा काढला, मोटरआधीचा फिल्टर बाहेर घेतला. स्पंजचा निळा फिल्टर, पण निळा कुठेच दिसेना. वर गुलाबी, पिवळा, पांढरा असा थर, नखाने खरवडला तर पापुद्रा निघावा इतका घट्ट. दारातली रांगोळी चार दिवसांनी व्हॅक्यूमने ओढली होती. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. सायक्लोनला न जुमानता तिची सगळ्यात बारीक भुकटी थेट फिल्टरवर जाऊन बसते. खाली ब्रश बघितला तर त्यावर केसांचा आणि शिवणाच्या दोऱ्याचा असा वेढा की ब्रशचे तंतू दिसतच नव्हते. ब्रश अडकला, मोटर फिरत राहिली, ब्रश फिरवणारा पट्टा घसरून एका जागी वितळला. ना हवा, ना झटकणं.

कात्रीने वेढा कापला, पट्टा नवा घातला, फिल्टर थंड पाण्याखाली पिळून पिळून रंग जाईपर्यंत धुतला आणि दोन दिवस वाळवला. (ओला फिल्टर कधीही बसवू नका. कुबट वास येतो तो वेगळा, पण पाणी मोटरीत गेलं की बेअरिंग आणि वाइंडिंग दोन्ही संपतात.) तिसऱ्या दिवशी त्याच मशीनने माझ्या दुकानातल्या कार्पेटमधून एवढी वाळू काढली की मला माझीच लाज वाटली. या वहिनींनी २००० वॅटचं घेतलं असतं तर काय झालं असतं? रांगोळीने ते महिनाभरात चोक झालं असतं, आणि गरम होऊन बंद पडलं असतं ते आणखी लवकर, कारण मोटर जितकी मोठी तितकी तिला थंड करायला हवाही जास्त लागते. रांगोळी आधी सुपलीने आणि ओल्या फडक्याने उचला, मग व्हॅक्यूम. प्लास्टरची भुकटी, चुलीची राख, सांडलेला मैदा, सगळ्यांना हाच नियम.

जास्त ओढीचा आणखी एक तोटा कार्पेटवर कळतो. लव दाट आणि मऊ असेल तर जोराची ओढ तोंडाला कार्पेटवर चिकटवून टाकते. ढकलताना खांदा दुखतो, कडेने हवा आत यायची थांबते आणि ब्रश लवेत रुतून मंदावतो. म्हणून चांगल्या मशीनमध्ये तोंडाची उंची बदलायची सोय असते किंवा दांड्यावर हवा सोडायची छोटी खिडकी असते. ती खिडकी उघडल्यावर कार्पेट जास्त साफ निघालेलं मी कितीदा पाहिलंय.

मग वॅटला काहीच अर्थ नाही का? तसंही नाही. एकाच कंपनीचं, एकाच घडणीचं मशीन दोन मोटरींत मिळत असेल, तर मोठी मोटर थोडी जास्त हवा देते. लांब नळी लावून जिना किंवा गाडी साफ करायची असेल, सायक्लोन आणि बारीक गाळणारा हेपा फिल्टर दोन्ही असतील, तर दाबाची गरज असते आणि अगदी लहान मोटर कमी पडते. माझ्या अनुभवात वायरवाल्या अपराइटला ६०० ते ९०० वॅटमध्ये हे सगळं नीट जमतं. त्याच्या वर वाढणारे वॅट बहुतेक गरमी आणि आवाजात जातात.

आता आजींचं मशीन. जाऊन बघा, पण सुरू करण्याआधी उलटं करा. ब्रशचे तंतू खालच्या प्लेटच्या बाहेर येतात का? प्लेटवर आडवं एटीएम कार्ड धरा आणि ब्रश हाताने फिरवा. तंतू कार्डाला लागून खरखर वाजले पाहिजेत. वाजले नाहीत तर ब्रश झिजलाय, आणि त्या मॉडेलचा नवा ब्रश मिळतो का हे आधी विचारा, मगच पैसे द्या. पट्टा बोटाने दाबा; ढिला, चकचकीत झालेला असेल तर बदलायचा, फार खर्च नाही. नळी ताणून उजेडाकडे धरा, वळणापाशी चीर असते. मग सुरू करा. पहिल्या मिनिटात आवाज नेहमीपेक्षा चढा, शिट्टीसारखा वाटला तर कुठेतरी चोकअप आहे. जळकट वास आणि खालून ठिणग्या दिसल्या तर मोटरीतले कार्बन (फिरत्या भागाला वीज पोचवणारे, झिजणारे तुकडे) संपलेत किंवा मोटरच गेलीय. तिथेच नमस्कार करून परत या.

जमलं तर दोन्ही मशीनची परीक्षा स्वतः घ्या. कोरडी बारीक वाळू ५० ग्रॅम, किचनच्या काट्यावर मोजून. घरमालकाच्या कार्पेटवर नको, एखाद्या जुन्या गालिच्याच्या तुकड्यावर पसरा आणि पायाने चांगली घासून मुरवा. पिशवी किंवा डबा आधी तोला. मग पाच वेळा पुढे, पाच वेळा मागे, सावकाश, सेकंदाला साधारण अर्धा मीटर. प्रयोगशाळेतही याच वेगाने ढकलतात. पुन्हा तोला. जे मशीन जास्त ग्रॅम परत देतं ते घ्या. शेजारणीकडून, ऑफिसातल्या कोणाकडून एखादं ७०० वॅटचं तासभर मागून आणलंत तरी चालेल.

आणि आजींचंच घ्यायचं ठरलं, तर घरी आणल्यावर पहिल्यांदा पिशवी फेकून नवी घाला, दोन्ही फिल्टर बदला किंवा धुऊन पूर्ण वाळवा आणि प्लग उघडून फ्यूज १३ अँपिअरचाच आहे ना ते बघा. २००० वॅटचं मशीन जवळजवळ नऊ अँपिअर ओढतं; कोणीतरी पाचचा घातलेला असेल तर तो मधेच उडेल आणि तुम्हाला वाटेल मोटर गेली.